हाडांचं चॅपेल (सेडलेट्स, कुत्ना होरा): तिकीट, पायऱ्या, फोटो आणि घरच्यांच्या शंका

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापुरातून आम्ही चौघं निघतोय. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, उजवा गुडघा दुखतो, काठी घेतात) आणि मुलगा (वय ११). प्रागला चार रात्री, मग रोमला तीन. प्रागहून एक दिवस कुत्ना होराला जाऊन माणसांच्या हाडांनी सजवलेलं ते चॅपेल बघायचं मनात आहे.

टूरवाल्यांच्या यादीत ‘अर्धा दिवस, हाडांचं चर्च’ यापलीकडे काहीच नाही. म्हणून विचारते. प्रागहून आपलं आपण जाणं जमेल का? तिकीट दारात मिळतं का? सासूबाईंना किती पायऱ्या उतराव्या लागतील? आत फोटो काढू देतात का? आणि मुलाला आत नेणं बरं का? सासूबाईंचा मुख्य प्रश्न वेगळाच आहे. ‘कुणाकुणाच्या अस्थी अशा टांगून ठेवलेल्या बघायला जायचं म्हणजे विटाळ नाही का?’ त्यांना समजेल असं नीट उत्तर द्यायचंय, कुणी सांगेल का?

गंगावेस४

ताई, आपलं आपण जाणं अगदी सोपं आहे. टूर घेऊ नका. त्यात चॅपेलसाठी जेमतेम वीस मिनिटं देतात.

प्रागच्या मुख्य स्टेशनावरून, म्हणजे ‘प्राहा ह्लावनी नाद्राजी’वरून, कोलीन–हावलिच्कूव ब्रोद मार्गावरची गाडी धरायची. थेट गाडीला तासाभराच्या आत-बाहेर लागतो. तिकीट काढताना शहराचं नाव सांगून थांबू नका, कारण कुत्ना होराला एकापेक्षा जास्त थांबे आहेत. ‘ह्लावनी नाद्राजी’ हे मुख्य स्टेशन सेडलेट्स या उपनगरालगत आहे आणि तुमचं चॅपेल सेडलेट्समध्येच आहे. ‘म्येस्तो’ नावाचं दुसरं स्टेशन जुन्या गावाजवळ आहे. तिथलं तिकीट काढलं तर मुख्य स्टेशनावर उतरून छोट्या डब्याच्या गाडीत बसावं लागतं आणि चॅपेल मागे राहतं. लोकांचा पहिला घोळ इथेच होतो.

मुख्य स्टेशनापासून चॅपेल साधारण एक किलोमीटर, सगळा सपाट रस्ता. सासूबाईंच्या चालीने वीस मिनिटं धरा. वाटेत आधी मोठं कॅथेड्रल लागतं.

दुसरा घोळ तिकिटाचा. चॅपेलच्या दारात तिकीट मिळत नाही. जामेत्स्का रस्त्यावर माहिती केंद्र आहे, तिकीट तिथे काढायचं. बरेच लोक थेट चॅपेलपर्यंत चालत जातात आणि तिथून परत पाठवले जातात. गुडघा दुखणाऱ्या माणसाला ही जादाची फेरी जड जाते, म्हणून आधी केंद्र, मग कॅथेड्रल, मग चॅपेल असा क्रम ठेवा. तिकीट ऑनलाइनही मिळतं. चॅपेल आणि कॅथेड्रलचं एकत्र तिकीट असतं, आणि जुन्या गावातलं सेंट बार्बरा चर्च धरून तिन्हींचंही. दिवसभर थांबणार असाल तर तिन्हींचं घ्या. दर वरचेवर बदलतात, निघायच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या.

रविवार टाळा. सकाळी प्रार्थना असते, त्यामुळे कॅथेड्रल उशिरा उघडतं. हिवाळ्याकडे बंद व्हायची वेळही अलीकडे येते, तेव्हा ऑक्टोबरात दुपारी निघण्यात अर्थ नाही. सकाळी आठ-साडेआठची गाडी धरलीत तर टूरच्या बसेस यायच्या आत चॅपेलमध्ये असाल. जागा लहान आहे. चाळीस माणसांचा एक गट आत आला की कशापुढेही निवांत उभं राहता येत नाही.

पायऱ्यांचं असं आहे, की हाडं तळघरात आहेत. दारातून आत गेल्यावर एकच रुंद जिना खाली जातो. फार लांब नाही, सावकाश उतरता येईल असा आहे. चाकाच्या खुर्चीची सोय मात्र नाही. वरच्या चॅपेलला वेगळा जिना आहे, तो सासूबाईंनी सोडला तरी चालेल. खालची फरशी गार असते आणि हवा दमट. स्वेटर आणि मोजे असू द्या.

करवीर_मोडी

फोटोचा नियम मी नीट सांगतो, कारण जुन्या ब्लॉगांवर चुकीचं लिहिलेलं अजून फिरतंय. १ जानेवारी २०२० पासून आत फोटो काढायला बंदी आहे. मोबाइल असो, कॅमेरा असो. खरोखर कामासाठी फोटो हवे असतील तर किमान तीन दिवस आधी तिथल्या चर्चच्या कार्यालयाकडे लेखी परवानगी मागावी लागते. ही बंदी उगाच आलेली नाही. लोक कवट्यांना टोप्या आणि गॉगल घालून, त्यांचे मुके घेऊन फोटो काढत होते, हाडं जागची हलवत होते. तिथे हजारो माणसं पुरलेली आहेत आणि ते आजही चालू असलेलं चर्च आहे. बंदी योग्यच आहे.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे. मला वाटतं उत्तर इतिहासातच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सेडलेट्सला ११४२ साली सिस्टर्शियन पंथाच्या साधूंचा मठ झाला. १२७८ मध्ये बोहेमियाचा (आजच्या चेकचा) राजा दुसरा ओटाकार याने मठाधिपती हेन्री यांना जेरुसलेमला पाठवलं. परत येताना त्यांनी गोल्गोथाची, म्हणजे येशूला जिथे क्रूसावर चढवलं त्या टेकडीची, मूठभर माती आणली आणि मठाच्या दफनभूमीत पसरली, असं सांगतात. काशीचं गंगाजल घरी आणून देवघरात ठेवावं, तसं. ती जमीन पवित्र झाली आणि दूरदूरचे लोक ‘मला तिथे पुरा’ म्हणू लागले. पुढे चौदाव्या शतकात दुष्काळ आला, मग प्लेग आला, पंधराव्यात हुसाइट युद्धं (धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांची) झाली. १४२१ साली मठच जाळला गेला. पुरलेल्यांचा आकडा हजारोंच्या घरात गेला.

१४०० च्या सुमारास दफनभूमीच्या मधोमध दुमजली चर्च बांधलं. वर प्रार्थनेची जागा, खाली हाडं ठेवायची. बांधकामासाठी आणि नव्या मृतांना जागा करण्यासाठी जुन्या कबरी उकरल्या, तेव्हा निघालेली हाडं फेकून न देता खाली रचली. मृतदेह शेवटच्या दिवशी पुन्हा उठणार ही त्यांची श्रद्धा, म्हणून अस्थी पवित्र जागेतच राहिल्या पाहिजेत. आपण तिसऱ्या दिवशी राख सावडतो आणि अस्थी पंचगंगेत सोडतो. त्यांच्याकडे वाहत्या पाण्याऐवजी देवळाचा आसरा, एवढाच फरक. १५११ नंतर एका अर्धवट दृष्टी असलेल्या साधूने या हाडांच्या मोठ्या राशी रचल्या, अशी परंपरा आहे. तेव्हा आज दिसते ती सजावट नव्हती.

सजावट आली १८७० मध्ये. मठ १७८३ सालीच सम्राट दुसऱ्या जोसेफने बंद केला होता आणि पुढे ही मालमत्ता श्वार्झेनबेर्ग घराण्याकडे गेली. त्यांनी फ्रांटिशेक रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराला हाडं नीट लावायचं काम दिलं. त्याने ती ब्लीचिंग पावडरीने निर्जंतुक आणि पांढरी करून घेतली, आणि मग लाकडात कोरावं तसं हाडांत काम केलं.

म्हणून सासूबाईंना सांगा: कुणाच्या अस्थी बाहेरून चोरून किंवा विकत आणून टांगलेल्या नाहीत. ज्यांनी स्वतः होऊन त्या जमिनीत पुरून घेतलं, आणि साथीत-युद्धात जे तिथे पोचले, ते त्याच जागी आहेत. इमारतीचं नावच ‘सर्व संतांचं दफनभूमी चर्च’ आहे. भोवती आजही कबरी आहेत, लोक तिथे मेणबत्त्या लावतात. विटाळाचा त्यांचा नियम नाही, आणि तुमचा असेल तर हॉटेलवर परतून अंघोळ केली की झालं. दोन्हींत भांडण नाही.

गंगावेस४

वर सुंदर लिहिलंय. थोडी भर. आत गेल्यावर सगळे झुंबराखाली गर्दी करतात, पण आधी चार कोपऱ्यांतल्या राशी बघा. लांब हाडं एकमेकांवर रचून आणि मधे कवट्या बसवून घंटेच्या आकाराची रास केली आहे. चुना नाही, तार नाही, फक्त वजनावर उभी. प्रत्येक राशीवर सोनेरी लाकडी मुकुट टांगलाय. हेच इथलं जुनं काम, आणि खरं अवघड कामही हेच.

तिथे काय बिघडतं तेही समजून घ्या. चर्चच्या खाली सगळी उकरलेली दफनभूमी. जमीन सारखी बसत नाही, भिंती कलतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुविशारद सांतिनी याने समोरची कलणारी भिंत सावरायला दर्शनी भागाला नवा प्रवेशमंडप बांधला. तुम्ही ज्या दारातून आत जाता ते तेच. त्यातून जमिनीतली ओल वर चढते. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो, पोपडे सुटतात, तसंच. राशीतली खालची हाडं ओल धरतात, ठिसूळ होतात, वरच्या भाराने पिचतात, आणि रास एका बाजूला बसते. म्हणून गेली काही वर्षं टप्प्याटप्प्याने दुरुस्ती चालू आहे: रास उलगडायची, एकेक हाड साफ करायचं, पुन्हा रचायची. तुमच्या दिवशी एखादा भाग झाकलेला किंवा मोकळा दिसला तर नाराज होऊ नका. उलट काम चालू दिसलं तर तिथे जरा जास्त थांबा.

करवीर_मोडी

बरोबर. आणि आता मुलासाठी, म्हणजे नुसतं ‘बाप रे’ म्हणून बाहेर पडण्याऐवजी काय शोधायचं ते.

मधलं झुंबर: माणसाच्या शरीरातलं प्रत्येक प्रकारचं हाड त्यात किमान एकदा वापरलंय असं सांगतात. अकरा वर्षांच्या मुलाला शाळेत सांगाडा शिकवलेला असतो. त्याला म्हणावं मांडीचं हाड शोध, मग बरगडी, मग मणका, मग खांद्याचं पसरट हाड, मग खालचा जबडा. दहा मिनिटं तो मान वर करून उभा राहील आणि भीती निघून जाईल.

डावी-उजवी न सांगता सांगतो, श्वार्झेनबेर्ग घराण्याचं हाडांचं मानचिन्ह शोधा. त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक कावळा कवटीचा डोळा टोचताना दिसतो. १५९८ मध्ये या घराण्याच्या सेनानीने तुर्कांकडून हंगेरीतला राब किल्ला घेतला, त्याची ती खूण. कावळ्याचे पंखही हाडांचेच. मग प्रवेशाजवळच्या भिंतीवर रिंटची सही शोधा: त्याचं नाव, गावाचं नाव आणि १८७० हे साल, सगळं हाडांच्या अक्षरांत. काचेच्या पेटीत काही कवट्या वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यांवर मध्ययुगीन शस्त्रांच्या जखमा आहेत. कुठे सरळ चीर, कुठे खड्डा. चीर तलवारीची किंवा कुऱ्हाडीची, खड्डा गदेसारख्या जड हत्याराचा, एवढं बघून ओळखता येतं.

एकूण किती माणसं? ४०,००० ते ७०,००० असा अंदाज देतात. मोजदाद कुणी केलेली नाही, तेव्हा आकडा मुलाला छातीठोक सांगू नका.

न्यायला हरकत नाही, फक्त आदल्या रात्री सांगून ठेवा की ही माणसं खरी होती. सुट्टे पैसे हाडांवर टाकणं, हात लावणं, फुलं-हळदकुंकू वाहणं, काही नाही. मोठ्याने बोलायचं नाही, टोपी काढायची.

तांबडापांढरा

व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण कोल्हापूरकरांचं इथेच चुकतं.

प्राग चार रात्री, रोम तीन. मुक्काम जिथे जास्त त्या देशाचा व्हिसा मागायचा, म्हणजे चेक प्रजासत्ताकाचा. विमान आधी रोमला उतरलं तरी चेकचाच. रात्री समान असत्या तर पहिल्या प्रवेशाचा देश. सोपं वाटतं म्हणून इटलीचा अर्ज केला आणि बुकिंगमध्ये प्रागच्या रात्री जास्त दिसल्या, तर अर्ज नाकारायला तेवढं पुरतं.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी. निर्णयाला एरवी १५ दिवस, अडलं तर ४५ पर्यंत. ऑक्टोबरसाठी जुलैमध्ये अपॉइंटमेंट धरा, गणपतीच्या सुट्ट्यांत अडकू नका. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, आणि व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येतात ते युरोपातले देश) चालणारा. सासूबाईंचा विमा काढताना वय आणि गुडघ्याचा त्रास लपवू नका. पासपोर्ट परत यायच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी.

बोटांचे ठसे द्यायला मोठ्यांना स्वतः जावं लागतं. १२ वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत, पण त्याचा जन्मदाखला लागतो. रात्रीची महालक्ष्मी धरून सकाळी मुंबईत उतरायचं असेल तर अपॉइंटमेंट अकराच्या पुढची घ्या. गाडी तासभर उशिरा आली तरी निभतं.

बँकेचं स्टेटमेंट संगणकाचं, शिक्का आणि सही असलेलं हवं. सहकारी बँक असली तर शाखेत आधी सांगून छापून घ्या. पतसंस्थेचं हाताने लिहिलेलं पासबुक चालणार नाही असंच धरा. सासूबाईंचं पासपोर्टावरचं नाव आणि बँकेतलं नाव (‘बाई’ एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं नेहमी असतं) जुळत नसेल तर आजच दुरुस्तीला टाका.

आणि हो, चेकमध्ये युरो चालत नाही, कोरुना आहे. युरोचं फॉरेक्स कार्ड तिथे वापरलं की दर वेळी चलनबदलाचं शुल्क जातं. प्रागच्या जुन्या चौकातल्या ‘शून्य कमिशन’ पाट्यांपासून लांब राहा. कमिशन शून्य असतं, दर वाईट असतो.

रंकाळाकाठ

मनापासून आभार सगळ्यांचे. सासूबाईंना पंचगंगेचं आणि गोल्गोथाच्या मातीचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘मग तर बघायलाच पाहिजे.’ आता दोन शंका. रोमलाही हाडांचं एक चॅपेल आहे म्हणतात. दोन्ही बघावीत का, की एकच? आणि कुत्ना होरात शाकाहारी जेवण मिळेल का?

करवीर_मोडी

रोमचं वेगळं आहे, म्हणून दोन्ही बघा, पण वेगवेगळ्या मनाने. व्हिया व्हेनेतो रस्त्यावर कापुचिन साधूंचं चर्च आहे, मेट्रोचं बार्बेरिनी स्टेशन जवळ. १६३१ मध्ये साधू तिथे राहायला आले तेव्हा आपल्या आधीच्या साधूंच्या अस्थी गाड्यांत भरून सोबत आणल्या. पुढे कुणी वारला की पेटीशिवाय जेरुसलेमहून आणलेल्या मातीत पुरायचा, आणि जागा लागली की जुना देह उकरून त्याच्या अस्थी सजावटीत लावायच्या. सुमारे ३,७०० साधूंच्या अस्थी आहेत. अरुंद बोळाच्या कडेला लहान खोल्या: एक कवट्यांची, एक कमरेच्या हाडांची, एक पायाच्या आणि मांडीच्या हाडांची. काही सांगाडे तपकिरी झग्यात उभे आहेत. सेडलेट्सला ओळख नसलेल्या हजारो माणसांची रास बघता, इथे एकाच पंथाची माणसं, झग्यासकट. लहान मुलाला दुसरं जास्त बोचतं. मुलगा सेडलेट्सला बिचकला तर रोमचं सोडा.

तिथेही फोटो बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी-सलवारला अडचण नाही, मुलाची हाफ पँट चालणार नाही.

पोर्तुगालमध्ये एव्होराला तिसरं प्रसिद्ध चॅपेल आहे. तुमच्या वाटेत नाही, पण फरक समजावा म्हणून सांगतो. तिथे सुमारे ५,००० माणसांच्या अस्थी भिंतींत आणि खांबांत चुन्यात बसवल्या आहेत आणि दारावर लिहिलंय, ‘आम्ही इथली हाडं तुमच्या हाडांची वाट पाहतोय.’ म्हणजे तीन ठिकाणी तीन पद्धती: सेडलेट्सला नुसती रचून आणि टांगून, रोमला भिंती-छतावर नक्षी करून, एव्होराला गिलाव्यात.

गंगावेस४

जेवणाचं: ‘स्माजेनी सीर’, म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेलं चीज, जवळपास सगळीकडे मिळतं. ‘ब्राम्बोराक’ बटाट्याचं धिरडं, लसूण घातलेलं, आपल्याला आवडेल असं. पण त्यात बहुतेक वेळा अंडं असतं आणि कधी मांसाचे तुकडेही, म्हणून विचारूनच घ्या. सूप भाज्यांचं दिसलं तरी रस्सा हाडांचा असू शकतो. सासूबाई अंडंही खात नसतील तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत असू द्या. विमानात जातं, बिघडत नाही.

चॅपेलनंतर सेंट बार्बराला जुन्या गावात चालत जाऊ नका, अडीच-तीन किलोमीटर आहे आणि शेवटी चढ. शहर बस घ्या. बांधकाम १३८८ ला सुरू होऊन १९०५ ला पुरं झालं. चांदीच्या खाणीतल्या कामगारांचं हे देऊळ, भिंतीवर त्यांची चित्रं आहेत. परतीला ‘म्येस्तो’ स्टेशनावरून छोटी गाडी धरून मुख्य स्टेशनावर प्रागची गाडी बदलायची. दोन्ही गाड्यांमधलं अंतर किती मिनिटांचं आहे ते सकाळी उतरल्या-उतरल्याच वेळापत्रकात बघून ठेवा. काठी घेऊन प्लॅटफॉर्म बदलायला चार मिनिटं पुरत नाहीत, दहाच्या वरची जोडणी निवडा.